दोन सळया, करंट आणि बोरिंगच्या पाण्यातलं नायट्रेट

आमच्या इंदूरच्या कॉलनीत परवा आरओ विकणारा आला, बोरिंगच्या पाण्यात लोखंडाच्या दोन सळया घालून करंट सोडला आणि पाणी चॉकलेटी झालं, सगळे घाबरले. अहो, ती घाण पाण्यातली नाहीच! सळईचंच लोखंड सुटून गंजतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी, करंट फारसा जातच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. अशा खेळांवर विश्वास ठेवू नका.

खरी भीती नायट्रेटची, त्याला ना रंग ना वास. माळव्यात गहू-बटाट्याला टाकलेला युरिया, शिवाय सेप्टिक टँक, तिथून ते जमिनीत मुरतं. आपल्याकडे मर्यादा लिटरला 45 मिलिग्राम. शेजारच्या मावशी नातवाच्या पावडरच्या दुधासाठी बोरिंगचं पाणी उकळून घेतात, पण उकळून जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, मग रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन नेऊ शकत नाही आणि बाळ निळं पडतं.

आता गंमत बघा, त्याच दोन सळया आणि करंट, पण ऋण टोकाला तांबं लावलं तर नायट्रेट खरंच मोडतं. नायट्रेट म्हणजे एक नायट्रोजन, तीन ऑक्सिजन, वर ऋण भार, म्हणजे ऋण सळई त्याला दूरच ढकलणार, तरी तांब्याला त्यातला ऑक्सिजन धरून ठेवता येतो. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की नायट्राइट, ही पायरी सगळ्यात हळू, आणि इथे थांबलं तर आणखी वाईट. पुढे नायट्रोजनचे दोन अणू पृष्ठभागावर शेजारी आले तर प्रत्येकी पाच इलेक्ट्रॉनांत नायट्रोजन वायू, हवेतलाच, निरुपद्रवी. पण मध्ये हायड्रोजन घुसतो आणि आठ इलेक्ट्रॉन घेऊन बहुतेक अमोनियाच होतो. त्यावर तोड म्हणजे पाण्यात मीठ असलं आणि धन सळई लोखंडाऐवजी न विरघळणारी लावली तर तिथे क्लोरीन तयार होतो आणि तो अमोनियाचा नायट्रोजन करतो. वीज मात्र बरीच जाते, कारण काही करंट पाणीच फोडण्यात खर्च होतो. तरी मला ही रीत फार आवडते, कारण आरओ नायट्रेट संपवत नाही, वेस्टच्या नळीतून नालीत सोडतो.

ही मशीन घरोघरी येईल तेव्हा येईल, तोवर पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षारच दाखवतं, त्याला नायट्रेट वेगळं कळत नाही. आणि रिपोर्टात ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून’ असं लिहिलं असेल तर मर्यादा 45 नाही, साधारण 10 धरायची.