मार्नग्रुक फुटी शो आणि शेली वेअर

मार्नग्रुक फुटी शो हा ऑस्ट्रेलियातला फुटबॉलच्या गप्पांचा टीव्ही कार्यक्रम होता, 2019 पर्यंत चाललेला, आणि शेली वेअर त्याच्या पॅनलवरची. फुटबॉल म्हणजे सॉकर नाही हां, लंबगोल बॉल आणि ओव्हल मैदानवाला ऑस्ट्रेलियन रूल्स, तिकडे सगळे त्याला फुटी म्हणतात. आपल्याला एमसीजी माहितीये ते बॉक्सिंग डे टेस्टमुळे, पण हिवाळ्यात ते ग्राउंड फुटीचं असतं आणि एएफएल या फुटीच्या सगळ्यात मोठ्या लीगची ग्रँड फायनल पण तिथेच होते. अशा गप्पांचे शो तिकडे ढिगाने आहेत, पण इथे टेबलाभोवती बसलेले लोक बहुतेक सगळे ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल, आणि ते पाहुणे म्हणून नाही तर खेळातले जाणकार म्हणून बसलेले.

नाव घेतलंय व्हिक्टोरियातल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या खेळावरून. पॉसमच्या (तिकडचा झाडावर राहणारा छोटा प्राणी) कातड्याचा बॉल करायचा, तो हातातून सोडून पायाने उंच उडवायचा आणि उड्या मारून झेलायचा, अशी वर्णनं 19व्या शतकातल्या गोऱ्या लोकांनीच लिहून ठेवलीयेत. आता फुटी यातूनच आली का, यावर इतिहासकार अजून भांडतात. फुटीचे पहिले नियम 1859 मध्ये ज्यांनी लिहिले त्यातला टॉम विल्स लहानपणी अ‍ॅबोरिजिनल मुलांबरोबर वाढला होता (1866 च्या बॉक्सिंग डेला एमसीजीवर अ‍ॅबोरिजिनल क्रिकेट टीम घेऊन उतरलेला कॅप्टन तोच), पण त्याने खेळ तिथून उचलला असं सांगणारा कागद कोणाकडे नाही. तरी 2019 मध्ये एएफएलने जाहीरपणे मार्नग्रुकचं नाव घेतलं, तेही अ‍ॅडम गुड्सची माफी मागताना. गुड्स म्हणजे दोनदा ब्राउनलो मेडल (एएफएलच्या सीझनमधल्या सर्वोत्तम प्लेयरचं) मिळालेला अ‍ॅबोरिजिनल प्लेयर, 2015 मध्ये मॅचमागून मॅच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याच वर्षी तो रिटायर झाला. माफी यायला चार वर्षं लागली, आता काय बोलणार.

शो आधी रेडिओवर होता, 2007 मध्ये टीव्हीवर आला, अँकर ग्रँट हॅन्सन, जो मुळात म्युझिशियन. पॅनलवर गिल्बर्ट मॅकअ‍ॅडम. 17 एप्रिल 1993 ला मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाने कॉलिंगवूडला त्यांच्याच घरी हरवलं, दिवसभर स्टँडमधून रंगावरून शिवीगाळ चाललेली, आणि मॅच संपल्यावर सेंट किल्डाचा मूळ रहिवासी प्लेयर निकी विनमारने जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं, तो फोटो तिकडे पोराटोरांना माहीत आहे. त्याच मॅचमध्ये सेंट किल्डाकडून मॅकअ‍ॅडमने पाच गोल मारले होते. असा माणूस पॅनलवर असल्यावर वंशभेदाचा विषय निघाला की बाहेरून एक्स्पर्ट बोलवावा लागायचा नाही.

आणि याच पॅनलवर शेली वेअर. यांकुनिचाचारा आणि विरंगू या समाजांतली, मूळची अ‍ॅडलेडची, पेशाने शिक्षिका. फुटीच्या टीव्हीवर तेव्हा बायका आधीच कमी, त्यात एएफएलची बायकांची लीग सुरू झाली ती थेट 2017 मध्ये, त्यामुळे स्वतः लीग न खेळलेली एक अ‍ॅबोरिजिनल बाई माजी प्लेयर्सच्या शेजारी बसून खेळावर मत देतेय ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. लीला गुरुविवी पण त्याच शोमधली, म्हणजे एकटीदुकटी बाई शोभेला बसवलीये असंही नाही.

वेअरचं शाळेचं काम टीव्हीइतकं दिसत नाही, पण माझ्या मते वजनदार तेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) लोकांचा इतिहास-संस्कृती सगळ्या विषयांतून यायला हवी असं लिहिलेलं आहे. कागदावर छान आहे, पण वर्गात उभी राहणारी टीचर बहुतेक वेळा गोरी, तिला स्वतःला शाळेत हे कोणी शिकवलेलं नसतं, आणि काही चुकीचं बोललं जाईल या भीतीने ती विषयच टाळते. वेअर अशा शिक्षकांसाठी अ‍ॅबोरिजिनल लेखकांच्या पुस्तकांवर वर्गात वापरायचं साहित्य तयार करते, म्हणजे पुस्तक कसं वाचायचं, मुलांना काय विचारायचं वगैरे.

मधल्या काळात शो एबीसी या सरकारी प्रसारकाच्या दुसऱ्या चॅनलवर गेला, 2013 पासून एनआयटीव्ही या मूळ रहिवाशांच्या चॅनलवर आणि 2019 च्या सीझननंतर बंद झाला. 2020 मध्ये एनआयटीव्हीने त्या जागी योकाय फुटी आणला, त्यात टोनी आर्मस्ट्राँग आणि बियांका हंट हे तरुण चेहरे आले. वेअर पुढेही फुटीवर बोलत-लिहीत राहिली आणि शाळांचं कामही चालू ठेवलं.