कोडमधला ग्राफ चित्रापर्यंत कसा पोचला : डॉट, जीएमएल, ग्राफएमएलची पार्श्वभूमी

धुळ्याहून नंदुरबारला रेल्वेने जायचं तर आधी चाळीसगाव, मग जळगाव, तिथून अमळनेर, दोंडाईचा आणि शेवटी नंदुरबार. एसटी सरळ जाते. खान्देशातल्या मुलांना ग्राफ समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही: स्टेशन म्हणजे नोड, मधला लोहमार्ग म्हणजे एज. पायथनमध्ये एक डिक्शनरी केली, जळगावसमोर भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर लिहिलं, भुसावळसमोर खंडवा आणि अकोला, की जवळचा मार्ग शोधायचं काम भागतं. अडचण येते ती हे जाळं डोळ्यांनी बघायचं म्हटल्यावर. ते मेमरीत असतं आणि चित्र काढणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. मधे एक फाईल लागते, आणि तिचा फॉरमॅट निवडताना नवखा माणूस हमखास गोंधळतो.

इतके फॉरमॅट झाले कसे? प्रत्येकामागे वेगळी गरज होती.

सुरुवातीला अशी फाईल नव्हतीच. १९५९ मध्ये आयबीएमच्या लोइस हेब्ट यांनी प्रोग्रॅम वाचून त्याचा फ्लोचार्ट काढणाऱ्या प्रोग्रॅमवर निबंध मांडला. १९६३ मध्ये डोनाल्ड नूथ यांनीही असंच काम प्रसिद्ध केलं. ग्राफ गोळा करणं आणि तो कागदावर उतरवणं, दोन्ही एकाच प्रोग्रॅमच्या पोटात. पुढे नोड कुठे मांडायचे, याचंच शास्त्र झालं. १९८१ मध्ये सुगियामा, तागावा आणि तोदा या जपानी संशोधकांनी दिशा असलेला ग्राफ थरांमध्ये मांडण्याची पद्धत दिली. १९८४ मध्ये पीटर ईड्स यांनी एजला स्प्रिंग मानलं आणि जाळं आपोआप स्थिरावू दिलं. आजच्या बहुतेक टूलमध्ये या दोन घराण्यांपैकी एकाचं रक्त आहे.

खरं वळण अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये आलं. गॅन्सनर, नॉर्थ, कुत्सोफियोस आणि व्हो यांनी थरांची पद्धत सुधारून डॉट हा प्रोग्रॅम केला. त्यावरचा त्यांचा गाजलेला निबंध १९९३ चा. हाच प्रोग्रॅम पुढे ग्राफव्हिझ या संचाचा कणा झाला. माझ्या मते चित्रापेक्षा मोठी गोष्ट होती ती डॉटची भाषा. युनिक्सच्या शिस्तीतली साधी मजकुराची फाईल: कोण कोणाला जोडलंय एवढंच लिहा, जागा आम्ही ठरवतो. त्यामुळे कुठल्याही भाषेतला कोड, लायब्ररी न जोडता, नुसत्या प्रिंटच्या ओळींनी ग्राफ बाहेर काढू शकतो. जीसीसी आणि एलएलव्हीएमसारखे कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारे प्रोग्रॅम, आपले अंतर्गत ग्राफ आजही डॉटमध्येच ओततात, ते उगाच नाही.

पण ‘जागा आम्ही ठरवतो’ हे सगळ्यांना परवडणारं नव्हतं. आपल्या रेल्वेचा ग्राफ डॉटला दिला तर नंदुरबार भुसावळच्या पूर्वेलाही जाऊन बसेल. नकाशाशी त्याला देणंघेणं नाही. जर्मनीतल्या पासाऊ विद्यापीठातले मिखाएल हिमसोल्ट यांच्या जीएमएलमध्ये नोडचे एक्स-वाय, रंग, आकार हेही फाईलमध्येच राहू शकतात. १९९५ च्या ग्राफ ड्रॉइंग परिषदेत सुरू झालेल्या या कामात एक शहाणपणाचा नियम होता: कुणीही आपली जादा माहिती घालावी, ज्याला ती कळत नाही त्याने ती सोडून द्यावी. २००० च्या परिषदेत त्याच मंडळींच्या वर्तुळातून एक्सएमएलवर, म्हणजे माहिती खुणांच्या कंसांत लिहिण्याच्या पद्धतीवर, बेतलेला ग्राफएमएल निघाला.

दरम्यान १९९६ पासून स्लोव्हेनियात बाटागेल्य आणि म्रवार मोठ्या सामाजिक जाळ्यांसाठी पायेक हा प्रोग्रॅम घडवत होते. त्याच्या फाईलमध्ये नोडची मोजणी १ पासून, आपल्या कोडमध्ये ० पासून. किती जणांचे एज एका घराने सरकले असतील देव जाणे. गेफी या ग्राफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फ्रान्समधल्या मंडळींनी २००७ पासून जीईएक्सएफ हा एक्सएमएलवरच बेतलेला फॉरमॅट आणला आणि त्यात नोड किंवा एज कधीपासून कधीपर्यंत होता, हा काळही बसवला.

आज पायथनवाल्यांना हे सगळं नेटवर्कएक्स या लायब्ररीमुळे एका ओळीत मिळतं. २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही लायब्ररी वाढली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत. पण सोय असली तरी प्रत्येक फॉरमॅटच्या मर्यादा जागच्या जागी आहेत. नोडला गाड्यांच्या वेळांची यादी चिकटवली असेल तर ग्राफएमएल लिहिताना एरर येते, कारण तिथे संख्या, मजकूर, हो-नाही एवढंच चालतं. यादी आधी मजकुरात बदलावी लागते.

आणि मराठी नावांचं काय? डॉट यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरांची पद्धत, घेतो, ग्राफएमएल आणि जीईएक्सएफ या एक्सएमएलवाल्या दोघांनाही देवनागरीचं वावडं नाही. जीएमएल मात्र साध्या अ‍ॅस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांच्या जमान्यातला. नेटवर्कएक्सने जीएमएल लिहिताना ‘धुळे’ २३४३, २३६९, २३५५, २३७५ अशा सांकेतिक आकड्यांत जातं. नेटवर्कएक्सनेच फाईल परत वाचली तर नाव जसंच्या तसं येतं; दुसऱ्या टूलने ते आकडे उलगडले नाहीत तर स्टेशनच्या पाटीवर आकडेच दिसतात. रेल्वेचा ग्राफ गेफीत न्यायचा असेल तर म्हणूनच जीईएक्सएफ बरा. अक्षांश-रेखांशही सोबत जातात.