सुरक्षा मंजुरी आणि पूर्वीचे गांजासेवन (अमेरिका)

अमेरिकेत सरकारची गोपनीय माहिती हाताळायची तर आधी ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणजे सुरक्षा मंजुरी मिळवावी लागते. पूर्वी कधी गांजा ओढला होता, एवढ्याच कारणाने ती नाकारली जात नाही. चालू सेवनाला मात्र वाट नाही: २००८ च्या बॉन्ड दुरुस्तीनुसार अमली पदार्थाचे बेकायदा सेवन करत असलेल्या किंवा व्यसनी माणसाला मंजुरी देता येत नाही.

गोंधळ होतो तो दोन कायद्यांमुळे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदान घेऊन गांजा खुला केला, पुढे इतर राज्येही त्या वाटेने गेली. पण देशाच्या १९७० च्या कायद्याने त्याला हेरॉइनच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसवले होते. मंजुरी देते केंद्र सरकार. म्हणून परवानाधारक दुकानातून पावती घेऊन आणलेला गांजाही अर्जात लिहावा लागतो.

हा अर्ज म्हणजे ‘एसएफ-८६’. त्याच्या २३ व्या कलमात गेल्या सात वर्षांतले सेवन विचारतात: पहिल्यांदा कोणत्या महिन्यात, शेवटचे कधी, किती वेळा, पुढे घ्यायचा विचार आहे का. मंजुरी हाती असताना घेतले असेल तर सात वर्षांची सवलतही नाही. याच कलमात एक हमी छापलेली असते, की इथे दिलेले खरे उत्तर फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही. प्रत्येक अर्जदाराने ही ओळ थांबून वाचावी. कारण लपवाछपवी गांजापेक्षा महाग पडते: जाणूनबुजून खोटे लिहिणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि तपास अधिकारी शेजारी, जुने सहकारी, कॉलेजातले रूममेट यांनाही विचारू शकतात.

निर्णय २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांवर होतो. अमली पदार्थांचा निकष ‘एच’, खोटेपणाचा ‘ई’. सेवन जुने व तुरळक असणे, ती संगत सोडणे, पुन्हा घेणार नाही असे सही करून लिहून देणे, या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने धरतात. किती महिने दूर राहिले म्हणजे पुरे, याचा ठरीव आकडा या निकषांत नाही. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले, की पूर्वीचे सेवन विचारात घ्यावे, पण केवळ त्यावर निर्णय ठरू नये; माणूस सगळ्या बाजूंनी पाहावा. एखाद्या संस्थेचे भरतीचे नियम याहून वेगळे असू शकतात. एफबीआयने नोकरीसाठीची गांजामुक्त काळाची अट २०२१ मध्ये तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली.

मंजुरी साधारणपणे नागरिकांनाच मिळते, त्यामुळे तिकडे नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनाही हा अर्ज भरावा लागू शकतो. त्यांच्यासाठी एक बारकावा महत्त्वाचा. भारताच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. सुटी पाने त्यात धरत नाहीत, म्हणून भांग वेगळी राहते. अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत पानेही येतात, तेव्हा तिकडे होळीला घेतलेली भांगेची थंडाईही गांजाच.