सर्व्हायवल ॲनालिसिस

ठरावीक घटना घडेपर्यंत किती काळ लोटला, याचा हिशेब मांडणारी संख्याशास्त्राची शाखा. ही घटना म्हणजे मृत्यूच असतो असे नाही. आजार उलटणे किंवा बसवलेला कृत्रिम सांधा निकामी होणे, हेही चालते.

अडचण अशी की अभ्यास संपतो तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत घटना घडलेलीच नसते. काही जण मध्येच यायचे बंद होतात. अशा अर्धवट नोंदींना ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. शब्द ऐकून कात्री आठवते, पण इथे कात्री लावली की घोळ झालाच.

एमिल फ्रायराइक आणि सहकाऱ्यांची १९६३ मधली ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) चाचणी पाठ्यपुस्तकांत हमखास भेटते. आजार ओसरलेल्या २१ रुग्णांना ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध आणि २१ जणांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही, दिले. प्लासिबोच्या गटात सगळ्यांचा आजार उलटला, औषधाच्या गटात ९ जणांचा. उरलेले १२ सेन्सॉर्ड. ते १२ वगळून ९ जणांची सरासरी काढली तर जेमतेम १२ आठवडे भरते. कॅप्लान आणि मायर यांच्या १९५८ च्या पद्धतीने मात्र मध्यक, म्हणजे निम्म्यांचा आजार उलटायला लागलेला काळ, २३ आठवडे येतो, प्लासिबोचा ८.

ही पद्धत अशी चालते : औषधाच्या गटात सहाव्या आठवड्यात २१ पैकी ३ जणांचा आजार उलटला, म्हणजे टिकलेल्यांचे प्रमाण १८/२१, अर्थात ०.८५७. त्याच आठवड्यात एकाची नोंद थांबली. सातव्याला उरलेल्या १७ पैकी एकाचा उलटला, म्हणून ०.८५७ गुणिले १६/१७, म्हणजे ०.८०७. नोंद थांबलेला रुग्ण पुढच्या भाजकातून गळतो, पण त्याचे सहा आठवडे वाया जात नाहीत. आलेख जिन्यासारखा उतरत जातो. उजव्या टोकाला मोजकेच रुग्ण उरतात, त्यामुळे तिथल्या पायऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये.

या सगळ्यात एक गृहीत आहे : येणे बंद केलेल्यांची प्रकृती इतरांसारखीच असते. खालावलेलेच गळाले असतील तर आलेख उगाच गोजिरा दिसतो.

वय, उपचार अशा घटकांचा परिणाम तपासायला डेव्हिड कॉक्स यांचे १९७२ चे मॉडेल वापरतात. दोन गटांतल्या धोक्याचे गुणोत्तर सर्वकाळ तेच राहते, असे ते धरून चालते. शस्त्रक्रियेत सुरुवातीला धोका जास्त आणि पुढे कमी असेल, तर एकच गुणोत्तर दोन्ही काळांबद्दल चुकीचे बोलते.

घड्याळ कुठून सुरू करायचे, हेही आधीच ठरवावे लागते. औषध सुरू होईपर्यंत रुग्ण जिवंत होता हे उघडच आहे. तो काळ औषधाच्या खात्यावर जमा केला, तर निरुपयोगी औषधही गुणकारी ठरते.