टेबल माउंटन आणि रॉबेन बेट एकाच दिवशी: व्हिसा, पात्रता, कागदपत्रे व तिकिटांची माहिती

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहराच्या पाठीशी टेबल माउंटन हा सपाट माथ्याचा डोंगर आहे आणि समोरच्या उपसागरात रॉबेन हे एकेकाळच्या तुरुंगाचे बेट आहे. मार्गदर्शकासह ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात दाखवणाऱ्या सहली तेथे सहज मिळतात आणि भारतातून जाणाऱ्या बहुतेक गटांच्या कार्यक्रमात हा दिवस असतोच. मात्र ही सहल एका तिकिटावर होत नाही. बेटाची होडी आणि तेथील फेरी रॉबेन आयलंड म्युझियम या सरकारी संग्रहालयाच्या ताब्यात आहे, डोंगरावरचा रोपवे वेगळ्या कंपनीचा आहे, आणि या दोन्हींच्या आधी व्हिसा लागतो. म्हणून अर्जाचा क्रम नीट लावणे हेच यातले मुख्य काम आहे.

व्हिसा कोणाला लागतो

भारताचा साधा पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला दक्षिण आफ्रिकेत जाण्यापूर्वी व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटनासाठी मिळणारा अभ्यागत व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना ९० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. न्यूझीलंडच्या पासपोर्टधारकांची ही सवलत मात्र २०१७ मध्ये काढून घेण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की निर्णय नागरिकत्वावर होतो, वास्तव्यावर नाही. दुबईत वीस वर्षे राहिलेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला व्हिसा काढावाच लागतो, आणि मुलगा अमेरिकन नागरिक असला तरी त्याच्याबरोबर निघालेल्या आईवडिलांचे भारतीय पासपोर्ट असतील तर त्यांचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या ओसीआय कार्डाचा येथे काहीही उपयोग नाही.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस वैध असावा, त्यात किमान २ पाने पूर्ण कोरी असावीत. ३० दिवसांची अट सौम्य वाटली तरी वाटेतल्या देशाची किंवा विमान कंपनीची अट बहुधा सहा महिन्यांची असते, त्यामुळे पासपोर्टची मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर त्याचे नूतनीकरण आधी उरकून घेणेच शहाणपणाचे आहे.

अर्ज कोठे आणि कसा करावा

दक्षिण आफ्रिकेचे उच्चायुक्तालय नवी दिल्लीत आणि महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे, परंतु सर्वसाधारण पर्यटकाचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रांमार्फत स्वीकारले जातात. केंद्राचे काम कागद तपासून पुढे पाठवण्याचे असते. व्हिसा द्यायचा की नाही हे तेथील कर्मचारी ठरवत नाहीत, त्यामुळे खिडकीवर ‘चालेल’ असे उत्तर मिळाले म्हणून कागद पुरेसा आहे असे समजू नये. व्हिसा शुल्क आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगवेगळे असते, आणि अर्ज नाकारला गेल्यास यांपैकी काहीही परत मिळत नाही.

अर्जाचा नमुना डीएचए-८४ या क्रमांकाचा असून तो काळ्या शाईने भरायचा असतो. २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या गृह खात्याने भारत आणि चीनमधील पर्यटक गटांसाठी विश्वासार्ह सहल आयोजकांची एक योजना सुरू केली. तिच्या यादीतील आयोजकाबरोबर गटाने जाणाऱ्यांचे अर्ज तो आयोजकच एकत्रितपणे दाखल करतो आणि कागदांचा जाच पुष्कळ कमी होतो. आपला आयोजक त्या यादीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवान्याचीही टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली असल्याने, अर्ज करण्याच्या आठवड्यात गृह खात्याचे संकेतस्थळ एकदा पाहून त्या वेळी कोणता मार्ग खुला आहे याची खात्री करून घ्यावी.

कागदपत्रे

पासपोर्ट, त्याच्या छायाप्रती, अलीकडची छायाचित्रे आणि भरलेला अर्ज यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खरी परीक्षा पुढच्या कागदांची असते. प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र, दिवसवार कार्यक्रम, राहण्याच्या ठिकाणांची आरक्षणे, जाण्यायेण्याच्या विमानाचे आरक्षण, बँकेच्या सहीशिक्क्यासह गेल्या तीन महिन्यांचे खाते उतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे हा नेहमीचा संच आहे. नोकरदारांनी कार्यालयाकडून रजा मंजूर झाल्याचे पत्र घ्यावे व त्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख लिहून घ्यावी. व्यावसायिकांनी शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी जोडावी आणि निवृत्तांनी पेन्शनचे आदेशपत्र. शेतीचे उत्पन्न असलेल्यांना विवरणपत्र भरण्याची वेळच आलेली नसते. त्यांनी सातबारा उतारा, माल विकल्याच्या पावत्या आणि बँक खाते यांची सांगड घालून दाखवावी. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागत नाही, तरी काही एजंट तो मागतात.

हे सारे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. हेतूच्या पत्रात आठ दिवस, हॉटेलच्या आरक्षणात सहा आणि रजेच्या पत्रात दहा, असा अर्ज शंका ओढवून घेतो. महिनाभर जेमतेम शिल्लक असलेल्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात दोन-तीन लाख रुपये येऊन पडणेही असेच डोळ्यांत खुपते. ते पैसे मुलाने दिले असतील किंवा मुदतठेव मोडून आले असतील, तर तसे एका ओळीत लिहून पुरावा लावावा, म्हणजे प्रश्न उरत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकापाठोपाठ असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅन कार्डावर मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर असते. बँकेत लग्नाआधीचे आडनाव राहून गेलेले असते. अर्ज, विमान, हॉटेल, होडी या सर्वांसाठी पासपोर्टवरचे नाव हेच प्रमाण मानावे. जेथे फरक आहे तेथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत द्यावी.

अठरा वर्षांखालील मुले

मुलांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचे नियम अन्य देशांपेक्षा कडक आहेत आणि त्यामागे बालकांच्या तस्करीला आळा घालण्याचा हेतू आहे. दोन्ही पालकांची नावे असलेला जन्मदाखला अर्जाला जोडावा लागतो. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून जन्मानंतर लगेच घेतलेल्या दाखल्यावर पुष्कळदा बाळाचे नावच नसते. असा दाखला असेल तर नाव नोंदवून नवा काढून घ्यावा, कारण त्याला वेळ लागतो. एकच पालक बरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचे नोटरीसमोर केलेले संमतीचे प्रतिज्ञापत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. मुले आजी-आजोबांबरोबर किंवा काकांबरोबर जात असतील तर आई आणि वडील दोघांचीही संमती हवी. पालक विभक्त असल्यास ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश, एक पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला द्यावा. या सर्व मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, सामानात टाकू नयेत. इमिग्रेशनच्या खिडकीवर त्या पुन्हा मागितल्या जाऊ शकतात.

पिवळ्या तापाची लस

दक्षिण आफ्रिकेत पिवळा ताप नाही आणि भारतातही नाही, तरीही या लसीचे प्रमाणपत्र अनेकांना ऐनवेळी अडवते, कारण स्वस्त विमाने पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून, म्हणजे इथिओपियातील आदिस अबाबा किंवा केनियातील नैरोबीमार्गे जातात. अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. परतीच्या प्रवासात भारताचा नियम आणखी कडक आहे. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच थांबलेल्या प्रवाशाला सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, टोचल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते व ते आयुष्यभर चालते. वयस्कर व्यक्तींनी किंवा ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. दुबई किंवा दोहामार्गे गेल्यास हा प्रश्नच येत नाही, आणि साठीपुढच्या प्रवाशांसाठी तिकिटाचे थोडे जास्त पैसे मोजणे मला तरी योग्य वाटते.

आधी होडी, मग डोंगर

व्हिसा हाती आला की पहिले आरक्षण बेटाचे करावे. रॉबेन बेटावर स्वतंत्रपणे जाऊन फिरता येत नाही. संग्रहालयाची फेरी हाच सर्वसामान्य पर्यटकाचा मार्ग आहे. होड्या केप टाउनच्या व्ही अँड ए वॉटरफ्रंट या बंदर परिसरातील नेल्सन मंडेला गेटवे येथून ठरलेल्या वेळी सुटतात, साधारणपणे सकाळी ९ आणि ११ व दुपारी १ वाजता, मोसमानुसार आणखी एखादी. जाणे-येणे धरून सुमारे साडेतीन तास लागतात आणि अर्धा तास आधी पोहोचावे लागते. तिकिटात होडी, बेटावरील बस आणि तुरुंगातील मार्गदर्शक हे तिन्ही येतात. डिसेंबर-जानेवारीत म्हणजे तेथील उन्हाळ्याच्या सुटीत तिकिटे लवकर संपतात.

खासगी आयोजकाच्या एकत्रित सहलीत ‘मार्गदर्शक’ हा शब्द नीट तपासावा. आयोजकाचा मार्गदर्शक शहरात आणि डोंगरावर सोबत असतो, परंतु बेटावरची फेरी संग्रहालयाचीच माणसे देतात. दक्षिण आफ्रिकेत २०१४ च्या पर्यटन कायद्यानुसार पर्यटक मार्गदर्शकाची प्रांतिक निबंधकाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे. त्याच्याकडे बिल्ला आणि ओळखपत्र असते व ते दाखवण्याची विनंती करणे उद्धटपणाचे समजले जात नाही. होडीचे तिकीट सहलीच्या किमतीत आहे की ‘उपलब्ध असल्यास’ मिळणार आहे, हे लेखी घ्यावे. भारतात सहलीचे पैसे भरताना पॅन द्यावे लागते आणि उगमस्थानी कर जमा केला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

तुरुंगात फिरवणारे मार्गदर्शक पुष्कळदा तेथेच शिक्षा भोगलेले राजकीय कैदी असतात, आणि या फेरीचे मोल त्यांच्यामुळे आहे. नेल्सन मंडेला यांनी आपल्या २७ वर्षांच्या कारावासातील १८ वर्षे, १९६४ ते १९८२, येथे काढली. त्यांची कोठडी सुमारे ८ फूट बाय ७ फूट आहे. भारतीय वंशाचे अहमद कथ्राडा, मंडेलांना ज्या खटल्यात शिक्षा झाली त्याच खटल्यात जन्मठेप होऊन, त्यांच्याबरोबर आले. वंशाच्या वर्गवारीमुळे कथ्राडांना लांब विजार मिळाली आणि मंडेलांना अर्धी. भारतीय कैद्याला पाव मिळे, आफ्रिकी कैद्याला नाही. ही शिधावाटपाची यादी तुरुंगात फलकावर लावलेली आहे, ती थांबून वाचावी. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातील कैद्याला सहा महिन्यांत एक भेट आणि ५०० शब्दांचे एक पत्र एवढीच परवानगी असे. अखेरचे राजकीय कैदी १९९१ मध्ये बाहेर पडले, १९९७ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि १९९९ मध्ये बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

डोंगराचे तिकीट त्यानंतर काढावे. रोपवे १९२९ पासून चालू आहे. आताच्या डब्यात ६५ माणसे मावतात, वर जाताना त्याची फरशी सावकाश फिरते, आणि सुमारे पाच मिनिटांत माथा येतो. सर्वोच्च बिंदू १,०८६ मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यातील आग्नेय वारा जोरात सुटला किंवा माथ्यावर ढगांची चादर पसरली की रोपवे बंद होतो, आणि हिवाळ्यात, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, वार्षिक दुरुस्तीसाठी काही दिवस बंद असतो. म्हणून तिकीट घेताना ते किती दिवस चालते हे वाचावे. उन्हाळ्यात रोपवे सुरू होताच डोंगर करून १ वाजताची होडी धरणे सोयीचे, कारण सकाळी वाऱ्यामुळे डोंगर हुकला तरी होडीहून परतल्यावर उजेड पुरेसा असतो आणि रोपवे उशिरापर्यंत चालतो. हिवाळ्यात उलट करावे, म्हणजे ९ ची होडी आणि दुपारी डोंगर. रोपवे बंदच राहिला तर मोटारीने सिग्नल हिलवर जाता येते. तेथून शहर, बंदर आणि बेट तिन्ही दिसतात. खवळलेल्या समुद्रामुळे होड्याही रद्द होतात. अशा वेळी संग्रहालय दुसरी तारीख किंवा परतावा देते, परंतु शहरात दुसरा दिवस हाताशी असेल तरच दुसऱ्या तारखेचा उपयोग आहे.

नकार आणि मुदत

व्हिसा हातात पडताच प्रवेशाची अंतिम तारीख आणि मुक्कामाचे दिवस या दोन्ही नोंदी वाचाव्यात. ३० दिवसांपर्यंत जादा राहिल्यास १२ महिन्यांची आणि त्याहून जास्त राहिल्यास ५ वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मिळते आणि १० कामकाजाच्या दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते. कारण कागदाच्या कमतरतेचे असेल आणि प्रवासाची तारीख जवळ आली असेल, तर फेरविचाराची वाट पाहण्यापेक्षा तो कागद जोडून नवा अर्ज करणे बहुधा लवकर मार्गी लागते. जुन्या नकाराचा उल्लेख मात्र नव्या अर्जात प्रामाणिकपणे करावा लागतो.