आयनिक आणि सहसंयुज बंध

अणूंना एकत्र बांधून ठेवणाऱ्या रासायनिक बंधांचे दोन प्रमुख प्रकार. विरुद्ध प्रभाराच्या आयनांमधील, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन वा घेऊन प्रभारित झालेल्या अणूंमधील, आकर्षण म्हणजे आयनिक बंध. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरली की सहसंयुज बंध होतो. १९१६ मध्ये जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी पहिल्याची, तर अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी दुसऱ्याची मांडणी केली.

सोडिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण (कवचनिहाय इलेक्ट्रॉनांची संख्या) २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७. सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांचेही बाह्यतम कवच राजवायूसारखे पूर्ण होते, असे वर्गात सांगतात. हे खरे आहे, पण अर्धेच. सोडिअम इलेक्ट्रॉन राजीखुशीने देत नाही. एक मोल वायुरूप सोडिअम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारल्यावर परत मिळते सुमारे ३४९. नुसता देवघेवीचा हिशेब केला तर व्यवहार तोट्याचाच. तो भरून निघतो आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा : त्या वेळी प्रतिमोल सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आयनिक संयुगाचे स्थैर्य मुख्यतः स्फटिकातल्या आयनांच्या या मांडणीत, म्हणजे जालकात आहे, बाह्यतम कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनांच्या एकट्या अष्टकात नाही.

विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची, म्हणजे सोडिअम क्लोराइडची, रचना उलगडली. तीत प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. त्यामुळे मिठाच्या खड्यात ‘मिठाचा रेणू’ शोधून सापडणार नाही. NaCl हे सूत्र फक्त १:१ हे प्रमाण सांगते. जालक मोडणे अवघड, म्हणून मीठ ८०१° सेल्सिअसला वितळते. खडा ठोकला की मात्र आयनांचे थर सरकतात, समान प्रभार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो. घन मिठातून वीज वाहत नाही, कारण आयन जागीच अडकलेले असतात. वितळलेल्या मिठातून आणि त्याच्या द्रावणातून वाहते.

हायड्रोजनच्या रेणूत एकेरी, ऑक्सिजनच्या दुहेरी आणि नायट्रोजनच्या रेणूत तिहेरी सहसंयुज बंध असतो. मिथेनसारखी अशी संयुगे खोलीच्या तापमानाला वायुरूप दिसतात, म्हणून सहसंयुज बंध दुबळा, असा गैरसमज होतो. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला प्रतिमोल सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात! दुबळे असते ते रेणूरेणूंमधले आकर्षण. पाणी उकळताना तेवढेच सुटते. हायड्रोजन-ऑक्सिजन बंध शाबूत राहतात. हिऱ्यात तर सुटे रेणूच नाहीत, सगळा खडा सहसंयुज बंधांनी विणलेला; त्याच्या काठिण्याचे मूळ तिथेच.

दोन प्रकारांमधली सीमा पुसट आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या विद्युतऋणतेच्या (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचण्याच्या अणूच्या क्षमतेच्या) श्रेणीवरून तिचा अंदाज येतो : दोन अणूंमधला हा फरक मोठा तर बंध आयनिकतेकडे झुकतो. सोडिअम-क्लोरीनमध्ये तो सुमारे २.२, हायड्रोजन-क्लोरीनमध्ये सुमारे १. ‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक’ हा परीक्षेपुरता नियम ॲल्युमिनिअम क्लोराइडपाशी फसतो. ते तापवल्यावर सुमारे १८०° सेल्सिअसलाच संप्लवन पावते, म्हणजे न वितळता थेट वाफ होते, आणि त्याच्या वाफेत चक्क रेणू असतात. हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज, टोल्युइन या कार्बनी द्रावकात विरघळवला तर वीज वाहून नेत नाही. पाण्यात मात्र त्याचे आयन होतात आणि तेच हायड्रोक्लोरिक आम्ल.