मेहनतीनं वर्ग बदलू नये म्हणून

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, ते एफ४६ या वर्गात, म्हणजे हात अधू असलेल्या खेळाडूंमध्ये. इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं होतं. दोघंही सांगली जिल्ह्याचे, पण दोघांचा वर्ग ठरवण्याची रीत अगदी वेगळी.

पेटकरांच्या वेळी निदान हाच निकष होता. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडातल्या स्टोक मँडविल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्यांसाठी स्पर्धा सुरू केल्या. इजा मणक्यात किती वर आहे, त्यावरून गट पडत. व्यायामानं निदान बदलत नाही, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. पुढे हात-पाय गमावलेले, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवरचा ताबा कमी होणं) असलेले खेळाडू आले, गट वाढत गेले आणि एकेका शर्यतीला मोजकेच स्पर्धक उरू लागले.

मग शरीराला काय जमतं हे पाहून वर्ग ठरू लागले. १९९२च्या बार्सिलोनात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली. खरी गोची इथंच झाली. जमणं हे सरावानंही वाढतं, हे तालमींच्या या मुलखात कुणाला सांगायला नको. अर्धवट लुळा पडलेला स्नायूसुद्धा, मज्जातंतू शाबूत असतील तेवढ्या प्रमाणात, व्यायामानं बळकट होतो. त्यामुळे चाचणीतले गुण वाढले आणि खेळाडूला कमी अपंगत्वाच्या वर्गात ढकललं, तर ती त्याच्या घामाला शिक्षाच. आळस केलेल्याला मात्र सोपा वर्ग. हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

ऑस्ट्रेलियाचे संशोधक शॉन ट्वीडी आणि त्यांच्या बेल्जियन सहकाऱ्यानं २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या वतीनं भूमिका मांडली: खेळातलं कौशल्य नव्हे, व्यंग मोजा, आणि मापं शक्यतो सरावानं न हलणारी निवडा. तुटलेल्या हाताची लांबी मोजणं सोपं, कारण ती जोर काढून वाढत नाही. हालचालींचा ताळमेळ बघायला हात किंवा पाय भराभर टेकवायच्या चाचण्या आल्या. ताकदीचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यात अवघड. हातानं दाब देऊन ० ते ५ गुण देण्याची जुनी पद्धत तपासणाऱ्याच्या अंदाजावर चालते. तिच्याऐवजी सांधा एका कोनात स्थिर ठेवून यंत्रावर जोर मोजतात. तोही सरावानं थोडा वाढतोच. म्हणून संशोधक त्याच खेळाडूंची काही काळानं पुन्हा चाचणी घेतात आणि कामगिरी किती सुधारली, चाचणीचे आकडे किती हलले, हे ताडून पाहतात.